विमान आलं की स्टॅच्यू

ताई, नमस्कार.

निफाड तालुक्यात आमची तीन एकर द्राक्षबाग आहे, मांडवाची. ओझरचा विमान कारखाना जवळ असल्यामुळे लग्न होऊन इथे आले तेव्हापासून विमानांचे आवाज कानावर आहेत. पण मागच्या डिसेंबरात थिनिंग, म्हणजे घडातले मणी विरळ करायचं काम, चालू असताना एक विमान इतकं खालून गेलं की मी स्टुलावरून पडले. हातातली कात्री मनगटाला लागली. बरोबरच्या बायका आधी ओरडल्या, मग हसल्या, मीही हसले. मग लक्षात आलं, बांधावर खेळणारा माझा चार वर्षांचा मुलगा जागेवर नाही. तो शेततळ्याच्या काठावर सापडला. आवाजाने पळत सुटला होता, आणि त्या बाजूला आमच्या तळ्याला कुंपण नाही.

तेव्हापासून मला धड झोप नाही. लांबून घरघर ऐकू आली तरी छाती धडधडते. पोरगा कानावर हात ठेवून माझ्या पदरात शिरतो. ४ जून २०२४ ला, लोकसभेचा निकाल होता त्या दिवशी, शिरसगावला सुखोई हे लढाऊ विमान पडलं. तो धूर मी आमच्या गच्चीवरून पाहिला होता. तो आता पुन्हा डोळ्यांसमोर येतो. सासूबाईंनी आम्हा दोघांची दृष्ट काढली. नवरा म्हणतो, 'आपलीच विमानं आहेत, एवढं काय घाबरायचं? भाऊ फौजी आणि तू अशी?' ते मला फार लागलं. मुलाच्या कानाला काही झालं असेल का? विमान पुन्हा पडेल का? मुलाला माहेरी येवल्याला ठेवावं का? आणि मी खरंच भित्री आहे का?

– एक आई, निफाड तालुका

तुमचं पत्र वाचताना मी दर वेळी एकाच ओळीवर अडकले. 'त्या बाजूला आमच्या तळ्याला कुंपण नाही.' बाकी सगळ्यावर आपण बोलूच, पण आधी एवढं करा. आज संध्याकाळी घरातल्या कर्त्या माणसांना बसवा आणि त्या उघड्या बाजूला जाळी कधी लागणार याचा दिवस ठरवून घ्या. माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढी उंच जाळी, आणि फाटकाची कडी मुलाचा हात पोचणार नाही इतकी वर. जाळी लागेपर्यंत तळ्याच्या चारही बाजूंनी गाठी मारलेला जाड दोर पाण्यात सोडून ठेवा, दोराचं वरचं टोक खुंटीला घट्ट बांधा. दोन रिकामे प्लास्टिकचे ड्रम झाकण लावून, दोरी बांधून पाण्यावर तरंगते ठेवा. शेततळ्यात अंथरलेला प्लास्टिकचा कागद ओला झाला की शेवाळाने असा निसरडा होतो की पोहता येणाऱ्या धडधाकट माणसालाही वर चढता येत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तुमच्या मुलाला त्या दिवशी सगळ्यात जवळचा धोका विमानाचा नव्हता, त्या उतारावरच्या काळ्या कागदाचा होता.

हे मी इतक्या घाईने का सांगतेय, त्याला माझं एक कारण आहे. अकरा वर्षं मी पुण्यात धानोरीला राहिले. लोहगावचा हवाई तळ तिथून हाकेच्या अंतरावर. सुखोई-३० एमकेआय ही विमानं २००२ साली आपल्या हवाई दलात दाखल झाली ती लोहगावलाच, त्यामुळे आमच्या भागातल्या पोरासोरांनाही आवाजावरून विमान ओळखता यायचं. एके दिवशी मी मुलीला शाळेतून आणत होते. पाठीमागून एक सुखोई आलं. मला ते दिसलंच नाही. नुसता आवाज अंगावर कोसळला आणि माझ्या हाताने आपोआप पुढचा ब्रेक दाबला. स्कूटी खडीवर घसरली. मुलीचे दोन्ही गुडघे फुटले, तिच्या पायावर अजून डाग आहे. घरी मी सांगितलं, कुत्रं आडवं आलं. विमानाला दचकून पडले हे सांगायची मला लाज वाटली. माझे सासरे सैन्यातून निवृत्त झालेले, त्यांच्यापुढे कसं सांगणार? त्या लाजेपायी मी पुढचे कित्येक महिने त्याच रस्त्याने तशीच गाडी चालवत राहिले, मुलीला तशीच पुढे उभी करून. खरं बोलले असते, तर दुसऱ्या दिवसापासून तिला मागे बसवलं असतं आणि त्या टप्प्यात वेग कमी ठेवला असता. म्हणून तुमच्या 'मी भित्री आहे का' या प्रश्नाला मी सहज बाजूला सारणार नाही. हाच प्रश्न मनात धरून बसलं की जाळी लावायची राहून जाते.

तर भित्रेपणाचं पाहू. दचकणं ही मनाची गोष्टच नाही. अचानक मोठा आवाज झाला की कानाकडून निघालेला निरोप मेंदूच्या देठापर्यंत जातो आणि तिथूनच परस्पर स्नायूंना हुकूम सुटतो. पापण्या मिटतात, मान आत ओढली जाते, खांदे वर येतात, गुडघे वाकतात. पापणी मिटायला सेकंदाचा विसावा भागसुद्धा लागत नाही. 'अरे, हे तर विमान' हे आपल्या डोक्यात यायच्या आधीच शरीर आपलं काम करून मोकळं झालेलं असतं. तुम्ही स्टुलावर उभ्या होता, दोन्ही हात वर घडात, नजर मण्यांवर. गुडघे वाकले आणि तोल गेला. तिथे तुमचा भाऊ उभा असता तर त्याचेही गुडघे वाकलेच असते.

भावाचं नाव काढलं म्हणून सांगते. अमेरिकेत लँडिस आणि हंट या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकात हेच तपासलं. माणसांच्या मागे पिस्तुलाचा बार काढायचा आणि त्यांच्या चेहऱ्याचं, अंगाचं वेगवान कॅमेऱ्याने चित्रण करायचं. त्यांनी पोलिसांतले सराईत नेमबाजही घेतले होते, ज्यांचं रोजचं कामच गोळ्या झाडण्याचं. त्यांच्याही पापण्या मिटल्या. सरावाने अंगाची हालचाल कमी होते, पण पापणी ऐकत नाही. भावाला फोन करा आणि विचारा, पहिल्यांदा फायरिंग रेंजवर उभा राहिलास तेव्हा काय झालं होतं रे? तो खरं सांगेल. आणि जमलं तर त्या वेळी फोन स्पीकरवर ठेवा, म्हणजे नवऱ्यालाही ऐकू येईल.

आता विमान असं अचानक डोक्यावर कसं येतं, तेही समजून घ्या. मला स्वतःला हे कळलं तेव्हा निम्मी भीती कमी झाली होती. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. ताशी ८०० किलोमीटरने येणारं लढाऊ विमान सेकंदाला सव्वादोनशे मीटर जवळ येतं. म्हणजे विमान दोन किलोमीटरवर असताना निघालेला आवाज तुमच्यापर्यंत सहा सेकंदांत पोचतो आणि खुद्द विमान नऊ सेकंदांत. आवाजाला जेमतेम तीन सेकंदांची आघाडी मिळते. तीही कागदावरच. कारण जेट विमानाचा खरा गडगडाट शेपटाकडून, इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त झोताचा असतो, आणि तो मुख्यतः मागच्या बाजूला पसरतो. समोरून येणाऱ्या विमानाचा आवाज त्या मानाने बारीक असतो. वाऱ्यात, ट्रॅक्टरच्या घरघरीत, बायकांच्या गप्पांत तो विरून जातो. विमान डोक्यावरून पुढे गेलं की तो सगळा गडगडाट एकदम अंगावर येतो. म्हणून सगळे म्हणतात, 'कुठून आलं कळलंच नाही.'

त्यात तुमची बाग मांडवाची. वाय पद्धतीच्या बागेत निदान ओळींच्या मध्ये आभाळ दिसतं. मांडवाखाली डोक्यावर पानांचं छप्पर. विमान दिसत नाही, त्याची सावली दिसत नाही, आवाज कुठल्या दिशेने आला तेही उमगत नाही. जे दिसत नाही त्याला शरीर जास्त घाबरतं. तुमच्या शेजारणी आधी ओरडल्या आणि मग हसल्या, ते हसणंही शरीराचंच होतं, आत साठलेलं बाहेर टाकण्याचं. त्यांनी तुमची चेष्टा केली असं मनात धरू नका.

आणखी एक. विमान वाटतं तितकं खाली नसतं, बहुतेक वेळा. सुखोई जवळपास २२ मीटर लांब आहे, म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या दोन एसटी गाड्यांएवढं. लढाऊ विमान म्हटलं की आपल्या मनात छोटंसं काही असतं, त्यामुळे एवढं धूड दिसलं की मांडवाला घासूनच गेलं असं वाटतं. त्याला दोन इंजिनं, आणि आफ्टरबर्नर लावला की, म्हणजे झोतात वरून आणखी इंधन फवारून पेटवलं की, एकेका इंजिनाचा रेटा सुमारे साडेबारा टनांचा. तुमच्या अंगणातली पत्र्याची शेड थरथरते ती उगीच नाही.

ओझरला हे का होतं, ते तुमच्या सासऱ्यांना विचारा. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना तिथे १९६४ साली मिग-२१ ही लढाऊ विमानं बांधण्यासाठी उभा राहिला. आधी मिग, मग सुखोई, आणि १७ ऑक्टोबर २०२५ ला तिथे बांधलेलं पहिलं तेजस मार्क-१ए लढाऊ विमान उडालं. तिथून निघणारं विमान नवं असो की दुरुस्तीहून बाहेर पडलेलं, हवाई दलाच्या हाती देण्याआधी ते उडवून तपासावंच लागतं. तपासणीत ते वर न्यायचं, वळवायचं, धावपट्टीवरून खालून न्यायचं. म्हणजे आवाज थांबतील अशी आशा मी तुम्हाला लावणार नाही. तेजसचं काम वाढेल तसे ते वाढतील, असंच धरून चला. आणि मुलाला येवल्याला ठेवलंत, तर तो सहा महिन्यांनी परत येईल तेव्हा विमानं इथेच असतील, फक्त त्याच्या मनात एवढं पक्कं झालेलं असेल की आपलं घर इतकं धोक्याचं आहे की आईनेसुद्धा आपल्याला तिथून हलवलं. नका ठेवू. चार-आठ दिवस आजोळी जाऊन येणं वेगळं, तेवढं खुशाल करा.

त्याऐवजी त्याला एक खेळ शिकवा. 'स्टॅच्यू' त्याला येतच असेल. आता नियम बदला. विमान आलं की स्टॅच्यू. जिथे असेल तिथे खाली बसायचं, दोन्ही हात कानांवर, आणि आईने 'ओव्हर' म्हणेपर्यंत हलायचं नाही. पळणाऱ्या पोराला फक्त 'पळू नको' सांगून भागत नाही, त्याच्या शरीराला त्या क्षणी करायला दुसरं काहीतरी हवं असतं. पहिले आठ दिवस विमानाशिवाय खेळा. तुम्ही जेवता जेवता तोंडाने विमानाचा आवाज काढा, तो स्टॅच्यू. मग आजोबा काढतील. मग तो काढेल आणि तुम्ही सगळे बसाल. त्या खेळात त्यालाही 'ओव्हर' म्हणायचा मान द्या, ते महत्त्वाचं आहे. जो आवाज त्याच्यावर कोसळला होता, तो आता त्याच्या तोंडून निघतोय आणि मोठी माणसं त्यावर खाली बसतायत, हे त्याला अनुभवू दे. मग मोबाईलवर विमानाचा व्हिडिओ, अगदी बारीक आवाजात, त्याला हवा तेव्हा सुरू आणि हवा तेव्हा बंद. आवाज वाढवायचा की नाही ते तोच ठरवेल. चार दिवस त्याच पायरीवर राहिला तर राहू दे. त्याचा हात धरून कान उघडायला लावू नका, 'मर्द आहेस ना' असं तर चुकूनही नको.

प्रत्यक्ष विमान येईल तेव्हा तो आधी आभाळाकडे नाही, तुमच्या तोंडाकडे बघेल. तेव्हा तुमचा चेहरा घाबरलेला असला तरी चालेल, तो लपवायचा आटापिटा करू नका, मुलांना ते कळतंच. फक्त मोठ्याने बोला. 'बापरे, दचकले मी! विमान होतं. गेलं बघ तिकडे, चांदवडच्या बाजूला.' काय होतं आणि कुठे गेलं, या दोन गोष्टी सांगितल्या की आवाजाला तोंड आणि दिशा मिळते. मांडवाखाली असाल तर दोघं बाहेर या आणि जाणारं विमान डोळ्यांनी पाहा. मग पुन्हा कामाला लागा. लगेच घरी जाऊ नका. घरी गेलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण 'घरी आलो म्हणून वाचलो' असा धडा शरीर घेतं आणि पुढच्या वेळी आणखी लवकर घाबरतं.

तुमच्या स्वतःसाठीही हेच. विमान गेल्यावर छाती धडधडते ती काही मिनिटांत उतरते, तिला उतरू द्या. दोन्ही पाय जमिनीवर टेकवा, श्वास सोडताना सावकाश, घेतला त्यापेक्षा जास्त वेळ सोडा. थिनिंगच्या दिवसांत स्टूल शक्यतो सपाट जागी ठेवा. तुमच्या मांडवाची उंची परवानगी देत असेल तर बुटकं, रुंद पायाचं स्टूल घ्या. कात्रीला मनगटात अडकवायची दोरी लावली की हातून सुटली तरी लोंबकळत राहते, पायावर पडत नाही. हे सगळं रांगेतल्या बाकीच्या बायकांनाही सांगा, कारण पुढच्या वेळी पडणारी दुसरी कुणी असेल. आणि दुचाकीवर असताना आवाज झाला तर ब्रेककडे जाणारा हात आवरणं कठीण असतं, म्हणून त्या पट्ट्यात वेगच कमी ठेवायचा. मुलाला पुढे उभं करायचं नाही. एवढी ताकीद माझ्या मुलीच्या गुडघ्यांकडून.

कानांचं म्हणाल, तर डोक्यावरून काही सेकंदांत गेलेल्या एका विमानाने सहसा कान जात नाहीत. कानाला दोन गोष्टी मिळून मारतात, आवाज किती मोठा आणि तो किती वेळ. कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबल आवाज आठ तास चालतो असं धरतात. १०० डेसिबल असेल तर तीच मर्यादा १५ मिनिटांवर येते. म्हणून मला तुमच्या मुलाच्या कानांची काळजी विमानापेक्षा वरातीतल्या डीजेची जास्त वाटते. भिंतीएवढ्या स्पीकरपुढे लेकराला खांद्यावर घेऊन तासभर नाचणारे बाप मी दर लग्नसराईत पाहते आणि जीव कळवळतो. तरीही त्या दिवसानंतर मुलगा टीव्ही मोठा लावत असेल, हाक मारल्यावर वळत नसेल, कान दुखतो किंवा कानात शिट्टी वाजते म्हणत असेल, तर थांबू नका, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्या. कानात कापूस घालू नका, त्याने आवाज फारसा अडत नाही. लहान मुलांसाठी कानावर बसणारे जाड इअरमफ मिळतात. ते बागेत जवळ असू द्यात, पण दिवसभर घालून ठेवू नका, नाहीतर साधे आवाजही त्याला मोठे वाटू लागतील.

आता तो धूर. विमान पुन्हा कधीच पडणार नाही असं मी लिहिलं, तर तुमचा माझ्यावरचा विश्वास उडेल. तुम्ही स्वतः पाहिलंय. त्या दिवशी काय झालं ते मात्र पूर्ण आठवा. ओझरहून चाचणीसाठी निघालेलं सुखोई शिरसगावच्या शिवारात कोसळलं, दोन्ही वैमानिक आसनासकट बाहेर फेकले गेले आणि वाचले, आणि खाली शेतातल्या कुणाचाही जीव गेला नाही. तुमच्या डोळ्यांसमोर धुराचंच चित्र येतं, त्याच्या पुढचं येत नाही, कारण पुढचं तुम्ही पाहिलं नव्हतं. धूर आठवला की छत्रीला लोंबकळत खाली आलेली ती दोन माणसंही मुद्दाम आठवा.

आणि भीतीला हाताशी काही काम द्यायचं असेल, तर दोन कामं खरी उपयोगाची आहेत. पहिलं कोंबड्यांचं. तुमच्या भागात पोल्ट्री भरपूर. मेलेली कोंबडी, पिसं, आतडी उघड्यावर टाकली की घारी आणि गिधाडं येतात, आणि इंजिनात शिरलेला एक पक्षी विमान खाली आणू शकतो. विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत जनावरं कापून त्यांचे अवशेष किंवा कचरा असा उघड्यावर टाकायला नियमानेच बंदी आहे. ग्रामसभेत हा विषय तुम्ही काढा. मेलेल्या पक्ष्यांसाठी खोल, झाकणाचा खड्डा प्रत्येक शेडला असला पाहिजे. पोल्ट्रीवाल्यांचं दुसरं दुखणंही तिथेच मांडता येईल. आवाजाने बिथरलेले पक्षी एका कोपऱ्यात एकावर एक चढतात आणि खालचे गुदमरतात. कोपरे जाळीने गोल करून घेतले तर ते कमी होतं.

दुसरं, विमान पडलंच तर काय करायचं ते घरात ठरलेलं असू द्या. ११२ ला फोन, आणि त्या बाजूला जायचं नाही. वैमानिकाच्या आसनाखाली रॉकेट आणि स्फोटकं असतात, ती न फुटलेली राहिलेली असू शकतात. इंधन पसरलेलं असतं. मोबाईल घेऊन व्हिडिओ काढायला पळत जाणारी गर्दी हीच तिथली सगळ्यात मोठी जोखीम. वैमानिक शेतात उतरलेला दिसला तर त्याला उठवून बसवू नका, खांद्यावर उचलू नका. तसं बाहेर फेकलं जाताना पाठीच्या मणक्यांवर प्रचंड भार येतो. त्याला आहे तसा निजू द्या, सावली करा, बोलत राहा, मदत येईपर्यंत.

आवाजाबद्दल तक्रार करू का, असं तुम्ही विचारलं नाहीत, कदाचित विचारायलाही संकोच वाटला असेल. संकोच नको. ब्रिटनमध्ये लढाऊ विमानांना ग्रामीण भागावरून २५० फुटांपर्यंत, म्हणजे जेमतेम ७५ मीटरपर्यंत खाली उडायची मुभा आहे, आणि काही ठराविक भागांत त्याहूनही खाली, १०० फुटांपर्यंत. पण त्या खास भागांतल्या उड्डाणांच्या वेळा तिथलं संरक्षण खातं आधी जाहीर करतं, आणि घोडा बिथरला, जनावर दगावलं तर कुठे कळवायचं ते लोकांना ठाऊक असतं. वेल्समध्ये मॅकहंथलेथ आणि डॉलगेथ्ली या गावांच्या दरम्यानच्या दऱ्यांमध्ये तर लोक हौसेने डोंगर चढून, डबा घेऊन बसतात आणि पायाखालून जाणारी विमानं बघतात. आवाज तोच, किंबहुना जास्तच मोठा. पण ते स्वतःहून गेलेले असतात आणि विमान येणार हे त्यांना माहीत असतं. त्या दिवशी तुम्हाला ते माहीत नव्हतं, एवढाच काय तो तुमच्यात आणि त्यांच्यात फरक. तेव्हा देशाचं काम थांबवा असं न म्हणताही ग्रामपंचायतीने पत्र द्यायला काहीच हरकत नाही की, द्राक्षाच्या कामांच्या दिवसांत, मजूर स्टुलावर असतात त्या वेळेत, सलग चाचण्या असतील तर गावाला आगाऊ कल्पना द्यावी. पत्रात तारीख, वेळ, गट नंबर, विमान कुठून कुठे गेलं हे लिहा आणि स्टुलावरून पडल्याचंही लिहा. प्रत्येक वेळी सांगणं त्यांना जमेलच असं नाही. पण मागितल्याशिवाय कुणाला कळणारही नाही.

सासूबाईंनी दृष्ट काढली ते चांगलंच केलं. मीठ-मोहरीपेक्षा त्यांचा हात तुमच्या डोक्यावरून फिरला, ते औषध होतं. त्यांनाच विचारा, त्या नव्या नवरी असताना मिग डोक्यावरून गेलं तेव्हा त्यांचं काय झालं होतं. तुमच्या घरात विमानाला दचकलेल्या तुम्ही पहिल्या नाही आहात, मी पैजेवर सांगते.

आता हे पुढचं तुमच्या यजमानांना वाचायला द्या. दादा, विमानं आपली आहेत हे खरंच आहे, आणि तुमच्या बायकोला ते तुमच्याइतकंच ठाऊक आहे. तिचा भाऊ त्याच कामात आहे. पण आपल्या माणसाने मागून येऊन पाठीत थाप मारली तरी आपण दचकतोच ना? ती स्टुलावरून पडली त्याला पाच मिनिटं झाली नसतील आणि तिने एकटीने बाग तुडवत पोराला तळ्याच्या काठावरून आणलं. कापलेल्या मनगटानिशी. त्या पाच मिनिटांत तिच्या मनात काय काय येऊन गेलं असेल, ते तिला एकदा शांतपणे विचारा. ती सांगत असताना मध्ये बोलू नका. आणि जाळीचं सामान या आठवड्यात आणा. ते तुमचं काम आहे, तिच्या आठवणीची वाट पाहू नका.

ताई, तुम्हाला एक शेवटचं. त्या दिवसाला महिना उलटून गेला आहे आणि अजून झोप नाही, लांबच्या घरघरीनेही छाती धडधडते, धूर न बोलावता समोर येतो. हे आपलं आपण ओसरेल म्हणून आणखी वाट पाहू नका. टेली मानस ही सरकारची फुकट सेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर, आणि तिथे मराठीत बोलता येतं. रात्री झोप लागत नसेल तेव्हाही लावता येतो. त्यांना विमानाचं सांगा, तळ्याचंही सांगा. मला वाटतं, तुमची झोप विमानाने कमी आणि त्या तळ्याने जास्त उडवली आहे. ते पोरगं काठावर उभं असलेलं तुम्ही अजून कुणाला नीट सांगितलेलं नाही. पत्रातसुद्धा दोनच ओळी लिहिल्यात.

जाळी लागली की मला कळवा. आणि लेकाने पहिल्यांदा खऱ्या विमानाला 'ओव्हर' म्हटलं, तर तेही.